पडद्याखालची अक्षरं

एका सोमवारी सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि दादा उठला नाही. तो हातात कप धरून बसून राहिला. मी म्हटलं, "भोंगा झाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज अजून भोंगा का होईना?"

त्या सकाळी दादाचं ऐकणं थांबलं.

त्याआधी बरेच महिने त्याच्या छातीचं दुखणं चाललं होतं. रोज इंजेक्शन घ्यावं लागे. त्या इंजेक्शनांनी कानात घुई येईल, सतत गुणगुणल्यासारखं वाटेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. घुई आली, कमी झाली, पुन्हा आली. त्या सोमवारी ती गेली, आणि जाताना बाकीचेही आवाज घेऊन गेली. छाती मात्र बरी झाली. दादा पुढं म्हणायचा, "देवाला दोन्ही हातांनी द्यायला सांगितलं नव्हतं मी. एका हातानं दिलं, पुष्कळ झालं."

आई-वडील लवकर गेल्यामुळे घरात आम्ही दोघंच. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, गिरणीच्या ऑफिसात कारकून. मी वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलाशी बसायची. गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटेपासून गिरणीची घरघर भिंतीतून आत येत असे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला झोप लागायची नाही. आम्हाला गिरणी बंद असली की लागायची नाही. दादाची नोकरी टिकली, कारण आकड्यांना कान लागत नाहीत. पण गल्लीतून चालताना तो आता भिंतीच्या कडेनं चालू लागला. मागून सायकल आली तर कळत नसे म्हणून.

माझी शाळेतली पाटी माळ्यावर होती. ती मी खाली काढली. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं, त्यानं वाचायचं, बोलून उत्तर द्यायचं, आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसायची, अशी आमची रीत बसली. त्याचं बोलणं हळूहळू मोठ्यानं होत गेलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसला की माणूस तो कुठं ठेवावा हे विसरतो.

पाटी लहान होती. म्हणून मी कमी लिहायला शिकले. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून सुनेचं, सुनेच्या आईचं, रॉकेलच्या रांगेचं सगळं सांगून गेल्या की दादा विचारायचा, "काय म्हणत होत्या?" मी लिहायची, "बऱ्या आहेत." तो पाटीकडे बघायचा, मग दाराकडे. "एवढा वेळ नुसत्या बऱ्याच होत्या?"

दादाला सिनेमाचं वेड होतं. नटनट्यांचं नव्हे, त्यांच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नसे. त्याचं वेड आवाजाचं होतं. कुठल्या चित्रपटात पावलं खरी वाजली, कुठं दार लावल्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला, कोण वाक्याच्या शेवटी श्वास टाकतं, हे तो घरी आल्यावर मला करून दाखवायचा. शहरात फिल्म सोसायटी निघाली तेव्हा पहिल्या सभासदांत तो होता, आणि त्याच्यामागून मीही गेले. एका थिएटरच्या मालकांनी रविवारची सकाळ आम्हाला दिली होती. चित्रपटाचे डबे रेल्वेनं पार्सलनं यायचे. बाराचा नेहमीचा खेळ सुरू होण्याआधी आमचं सगळं आटपलेलं असावं, एवढीच अट होती.

सोसायटीचे अध्यक्ष एक वकील होते. मी त्यांना वकीलकाका म्हणायची. उन्हाळ्यातही काळा कोट घालून यायचे आणि चित्रपट संपल्यावर समोर साक्षीदार उभा असल्यासारखे प्रश्न विचारायचे. दादाचा दुसरा मित्र त्याच्याच गिरणीतला, विणकाम खात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. घरी तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी, आणि चित्रपट कुठल्याही भाषेतला असला तरी पहिल्या रांगेत. सोसायटीचा कापडी फलक त्याच्या घरच्या मागावर विणलेला होता. लांबलचक, हातभर रुंद, जाड पांढरं कापड, आणि एका बाजूला निळ्या रंगात सोसायटीचं नाव. दर रविवारी सकाळी तो थिएटरच्या दारावर बांधला जाई, म्हणजे लोकांचा घोटाळा होऊ नये. तरी कुणीतरी डोकावून विचारायचंच, "हिरोइन कोण हाय?" जॉबर सांगायचे, "हिरोइन न्हाय, हिरोबी न्हाय. नुसता पिक्चर हाय."

आमच्या सोसायटीत एक रिवाज होता. परदेशात दरवर्षी मोठं पारितोषिक दिलं जातं, आणि त्यात इतर देशांच्या भाषांतल्या चित्रपटांसाठी एक जागा असते. त्या जागेसाठी प्रत्येक देशानं आपला एकच चित्रपट पाठवायचा. आपल्याकडून कुठला जाणार, हे वर्तमानपत्रात आतल्या पानावर बोटभर बातमीत येई. एखाद्या वर्षी काही पाठवलंच जात नसे. ती बातमी यायच्या आधी वकीलकाकांच्या ओसरीवर बसून प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा. ज्याचा खरा ठरेल त्यानं सोसायटीचा एक चित्रपट निवडायचा. ज्यांचे चुकतील त्यांनी त्या चित्रपटाचे डबे स्टेशनवरून आणायचे. डबे जड असत. वकीलकाकांना कोटासकट सायकलवर डबे आणताना शहरानं पाहिलेलं आहे.

दादाचा अंदाज बहुधा बरोबर यायचा. त्याचं म्हणणं असं की ही निवड म्हणजे मुलगी बघायला माणसं येतात तसं आहे. घरातला सगळ्यांत हुशार माणूस आपण पुढं बसवत नाही, सगळ्यांत प्रेमळही नाही. पाहुण्यांसमोर जो कमी बोलेल आणि नीट बसेल, तो बसवतो. "आपल्यातला कमी बोलणारा शोधायचा," तो म्हणायचा, "तोच जाणार."

त्या सोमवारनंतर दादानं रविवारी घरी राहायला सुरुवात केली. मी बराच आग्रह केला तेव्हा एका पोलिश चित्रपटाला आला, आणि तिथं त्याला एक गोष्ट सापडली. परदेशी चित्रपटाला खाली इंग्रजी अक्षरं असतात. पोलिश कुणालाच कळत नव्हतं. वकीलकाका वाचत होते, सोसायटीतले एक प्राध्यापक वाचत होते, मी वाचत होते, आणि दादाही वाचत होता. परत येताना तो म्हणाला, "आज हॉलमधले सगळेच बहिरे होते. बरं वाटलं."

मग तो अशा चित्रपटांना येऊ लागला. हंगेरियन, झेक, कधी आपल्याच देशातले बंगाली किंवा मल्याळी. त्यांच्याही प्रतींवर खाली अक्षरं असत. पण ज्या भाषा तो लहानपणापासून ऐकत आला होता, मराठी आणि हिंदी, त्यांच्या चित्रपटांना आमच्याकडे कोण कशाला अक्षरं लावील? जे सगळ्यांना कळत होतं तेच त्याला बंद झालं होतं. असा एखादा चित्रपट असला की तो घरी थांबायचा आणि मी आल्यावर विचारायचा नाही.

एकदा भाकरी खाताना तो अचानक म्हणाला, "तुझा आवाज मला आठवतो. पण तो जुना आहे. आता वेगळा झाला असेल." मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तो म्हणाला, "लोकांचे आवाज पुसट होत चाललेत. एकदा आपल्या भाषेतलं कुणीतरी तासभर बोलताना बघायला मिळालं, आणि काय बोलतात ते कळलं, तर मी मनात आवाज भरीन. मला येतं ते."

त्या वर्षी वकीलकाकांच्या ओसरीवर अंदाजांची बैठक बसली तेव्हा मी त्याला ओढूनच नेलं. चहा आणि शेंगांची चटणी लावलेले पोहे आले. वकीलकाकांनी पाटीवर लिहिलं, "तुझं काय? न ऐकता सांगणार?" दादानं एका हिंदी चित्रपटाचं नाव घेतलं. तो त्यानं पाहिला नव्हता. सोलापुरात आलाच नव्हता. त्याच्यावर लिहिलेलं वाचलं होतं, एवढंच.

वकीलकाकांनी लिहिलं, "कशावरून?"

"सगळ्यांनी लिहिलंय की त्यात कुणी फारसं बोलत नाही," दादा म्हणाला. सगळी ओसरी ऐकेल एवढ्या मोठ्यानं.

काही आठवड्यांनी बोटभर बातमी आली. तोच चित्रपट जाणार होता.

जॉबर घरी आले. ते दादाशी आवाज न काढताच बोलत. विणकाम खात्यात मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं ओठ मोठे हलवून, हात उडवून बोलतात, तसं. दादाला त्यांचं बरंचसं समजे. त्यांनी विचारलं, कुठला पिक्चर आणायचा?

"तोच," दादा म्हणाला. "पण परदेशी पाठवलाय तसा. खाली अक्षरं असलेला. परीक्षकांसाठी केला असणार की तसा." मग माझ्याकडे वळून, आवाज कमी करायचा प्रयत्न करत म्हणाला, "हा जमला तर ठीक. नाहीतर मी आता सोसायटी सोडतो. ज्याला घरातलं कळत नाही त्यानं बाहेरच्यांत बसून काय उपयोग."

ते त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटली. दादा जे शांतपणे म्हणायचा ते करायचा.

अक्षरांची प्रत मिळवायला महिने गेले. वकीलकाकांनी पत्रं लिहिली. शेवटी कोर्टाच्या कामाला मुंबईला गेले तेव्हा चित्रपटवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या माणसानं विचारलं म्हणे, "सोलापुरात अक्षरांची प्रत कशाला? तिथं हिंदी कळत नाही का?" वकीलकाका म्हणाले, "कळतं. एकाला ऐकू येत नाही." त्यावर तो माणूस आत गेला आणि हो म्हणाला.

डबे आले. अंदाज चुकलेल्यांनी ते स्टेशनवरून आणले. रविवारी सकाळी दादानं इस्त्रीचा सदरा घातला. मी पाटी घेतली तर म्हणाला, "ठेव ती घरी. आज लागणार नाही."

हॉल अर्ध्याहून जास्त भरला होता. दादा मधल्या रांगेत, मी शेजारी. दिवे गेले. चित्रपट सुरू झाला. नावं गेली, एक माळरान आलं, एक विहीर, एक बाई. बाईनं तोंड उघडलं.

खाली काही नव्हतं.

दादा वाट बघत राहिला. म्हातारा सासरा काहीतरी बोलला, बाईनं उत्तर दिलं. अक्षरं नाहीत. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो पडद्याकडेच बघत होता, पण जिन्याची एक पायरी कमी निघाल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता.

मग माझं लक्ष पडद्याच्या खाली गेलं. तिथं काळ्या कापडाची चौकट होती, आणि त्या काळ्यावर काहीतरी हलत होतं. राखेसारखं पुसट. ती अक्षरं होती.

मी जिना चढून कॅबिनशी गेले. ऑपरेटर वयस्कर होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मशीनच्या आवाजात मी ओरडून सांगितलं की अक्षरं पडद्याच्या बाहेर पडतायत. ते हसले.

"हौ ताई, मैंच डाला बाहर. बडी लेन्स लगाया. फॉरेनका पिक्चर रहता तब छोटी लगाता मैं, अक्षर दिखना मांगता करके. ये तो अपनीच जुबान है ना? अंग्रेजी पढने का क्या काम? वो गोरे लोगां के वास्ते है. देखो कैसा भरके आया पडदा."

पडदा खरंच काठोकाठ भरला होता. चाचांनी आमच्यासाठी, आपल्या माणसांच्या चित्रपटासाठी, मोठी लेन्स काढून लावली होती. मी दादाचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. "मेरेकू किसीने बोलाच नै," ते म्हणाले. बंद करून लेन्स बदलायची म्हणजे रीळ थांबणार, पुन्हा जुळवणार, आणि बाराच्या खेळाची माणसं तर आत्ताच बाहेर उभी राहायला लागली असणार. तरी ते म्हणाले, "तुम बोलो तो रोकता."

मी धावत खाली आले आणि वकीलकाकांच्या कानात सांगितलं. ते लगेच उठले. "थांबवा म्हणावं. मालकांचं मी बघतो." आजूबाजूचे वळून बघू लागले. दादाला ऐकू गेलं नाही, पण समजलं. तो उभा राहिला आणि त्या अंधारात, त्याच्या त्या मोठ्या आवाजात, म्हणाला, "माझ्या एकट्यासाठी थांबवू नका. लोकांना बघू द्या. मी निघतो."

सगळ्या हॉलनं ते ऐकलं. पडद्यावरचा सासरासुद्धा त्या आवाजापुढं गप्प झाल्यासारखा वाटला. दादा रांगेतून बाहेर पडू लागला, लोकांच्या गुडघ्यांना हात लावत, माफी मागत. तो दारातून बाहेर गेला तर परत येणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्याचा सदरा मागून धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा.

पहिल्या रांगेतून जॉबर उठून आले होते. काय झालं ते त्यांनी वकीलकाकांना विचारलं, पुढं जाऊन पडद्याखालच्या त्या काळ्या पट्टीकडे वाकून बघितलं, आणि परत आले.

"अक्षरं हायत की तितं," ते म्हणाले. "काळ्यावर पडल्यात म्हून दिसंनात. पांढरं कापडच पायजे न्हवं? सोलापुरात बसून कापडाला रडायलाय का आपण? दारावर हाय की बांधलेलं."

ते बाहेर जाऊन फलक सोडून घेऊन आले. कापडाची एक बाजू लिहिलेली, दुसरी कोरी. कापड जाड होतं, रंग मागं उतरला नव्हता.

"वकीलसाहेब, कोट काडा अन् चला. येक टोक तुमी धरा."

"मी? अहो, मी पिक्चर बघायला आलोय. मुंबईहून मी मिळवलाय तो."

"मागनं ष्टोरी सांगू की आमी तुमाला. चला."

वकीलकाकांनी कोट काढून माझ्या हातात दिला. मी तो कधी त्यांच्या अंगाबाहेर पाहिला नव्हता. दोघं पडद्याखालच्या कट्ट्यावर चढले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून खाली बसले, चित्र अडू नये म्हणून. फलकाची कोरी बाजू आमच्याकडे करून त्यांनी तो काळ्या पट्टीसमोर ताणून धरला.

अक्षरं उमटली. स्वच्छ, काळ्या कडांची, ओळीत. पहिलं वाक्य वाचलं ते मला आठवतं. इंग्रजीत होतं, पण म्हणत होतं ते एवढंच: पाणी आणलंस का?

मागून कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी "बसा बसा" म्हणालं. दादा वाटेतच उभा होता. मग तिथल्या तिथंच, रांगेच्या कडेच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. मी त्याच्यामागं बसले.

चित्रपटात विशेष काही घडत नव्हतं. एक घर, सासरा आणि सून. मुलगा शहरात कामाला गेलेला, त्याची खबर नाही. दोघं एकमेकांशी त्याच्याविषयी बोलत नाहीत. पाणी, चूल, शेळी यांच्याविषयी बोलतात. वकीलकाकांचे हात भरून आले की कापड खाली झुकायचं आणि वाक्यं तिरकी व्हायची. मग जॉबर न बोलता, नुसत्या ओठांनी, पलीकडच्या टोकाला काहीतरी सांगायचे, आणि कापड ताठ व्हायचं. रीळ बदललं की हॉलमधलं दुसरं कुणीतरी उठून जाऊन टोक धरू लागलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. प्राध्यापक गेले, एक बँकेतले गेले, आणि एक पोरगेलासा माणूस, जो बाराच्या खेळाला आला होता आणि दार उघडं बघून आत शिरला होता. वकीलकाकांनी मात्र टोक सोडलं नाही. दुसरा आला तर त्याला जॉबरच्या बाजूला पिटाळत होते.

मध्ये एक प्रसंग होता. शेजारी येऊन आपल्या बैलाचं कौतुक करतो, संपतच नाही. सासरा ऐकून घेतो, म्हणतो, "बैल चांगला आहे," आणि बिडीचा झुरका घेतो. तो झुरका लांबतो. मग धूर सोडून म्हणतो, "तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

खालच्या अक्षरांत ते सगळं वाक्य एकदमच आलं होतं. आम्ही सगळे सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो झुरका घेत होता, आणि दादा हसला. कुठल्याही मापाशिवाय, छातीतून. त्या हसण्यामुळे काही जणांनी खाली वाचलं आणि तेही हसले. मग सासऱ्यानं वाक्य पुरं केलं आणि सगळा हॉल हसला. वकीलकाका पडद्याकडे पाठ करून बसले होते, त्यांना काय झालं ते दिसलं नाही, तरी तेही हसत होते, आणि त्यांच्या हातातलं टोक हलून अक्षरं लाटेसारखी हलत होती.

बारा वाजायच्या आत संपलं. चाचा खाली आले आणि दादासमोर कानाला हात लावून उभे राहिले. दादानं त्यांचे हात खाली घेतले आणि म्हणाला, "चाचा, पडदा फार छान भरला होता." चाचांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गुस्से में बोल रहे क्या?" मी म्हटलं, नाही, त्याचा आवाजच तसा आहे.

आम्ही नेहमीप्रमाणे समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. बोलता बोलता वाद निघाला. प्राध्यापकांचं म्हणणं, सून फार बोलते. शेवटी चुलीपुढं बसून ती दुःखाचा एवढा पाढा वाचते, तिथं चित्रपट पडतो. मी ते दादाला पुढ्यातल्या मासिकाच्या कडेला लिहून दाखवलं. दादा गोंधळला. "कुठं पाढा वाचते? ती चुलीपुढं बसून फक्त म्हणते, मी थकले."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिनं बरंच काही म्हटलं होतं. नवऱ्याचं, माहेरचं, गावाचं. आणि आता मला आठवलं, खाली कापडावर खरोखर तेवढंच आलं होतं. मी थकले. ज्यानं अक्षरं लिहिली त्याला जागा कमी पडली असेल, किंवा बाकीचं बाहेरच्यांना कशाला, असं वाटलं असेल.

"म्हणजे तुमची सून बोलकी आहे," दादा म्हणाला. "माझी अबोल. मग पाठवलाय तो तुमचा चित्रपट नाही. परीक्षकांना तुमची सून भेटणारच नाही, माझी भेटेल."

वकीलकाका खांदे चोळत होते. त्यांनी मासिकाच्या कडेला लिहिलं, "मला कुठलीच भेटली नाही. मी सबंध वेळ तुझं थोबाड बघत होतो." दादानं वाचलं आणि विचारलं, "मग? पाठवण्यासारखं आहे का?"

"न्हाय. ते थोबाड कमी बोलत न्हाय," जॉबर ओठांनी म्हणाले. दादाला ते बरोबर समजलं.

त्या चित्रपटाला तिकडं काही मिळालं नाही. ती बातमी बोटभरही आली नाही. वकीलकाका म्हणाले, "तिथं कापड धरायला कोण होतं?"

दादानं सोसायटी सोडली नाही. त्यानंतर तो अक्षरं नसलेल्या चित्रपटांनाही यायला लागला. घरी येऊन मी पाटीवर लिहायची, आणि तो म्हणायचा, "थोडं वाढव. तू पण परदेशी पाठवायचा असल्यासारखं लिहितेस." मी वाढवायची. पाटी भरली की पुसून पुन्हा लिहायची. पण खरं सांगायचं तर जन्मभरात जेवढं लोक माझ्यासमोर बोलले त्यातलं फार थोडं मी त्याच्यापर्यंत पोचवू शकले. त्याला भेटलेले शेजारी, नातेवाईक, डॉक्टर हे सगळे माझ्या अक्षरांतले होते. खऱ्याहून अबोल, आणि मला वाटतं, खऱ्याहून बरे. तो त्यांच्याशी फार चांगला वागत असे.

पुढं घरोघर टीव्ही आले. रविवारची माणसं कमी झाली, आणि सोसायटी बंद पडली. वकीलकाका गेले, चाचा गेले. गिरणी बंद झाली तेव्हा भोंगा थांबला. गल्लीतले लोक म्हणायचे चुकल्यासारखं वाटतं. दादा म्हणाला, "या बाबतीत मी तुमच्या पुढं आहे."

तो गेल्या चैत्रात गेला. शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, त्याला पाटी दिसेनाशी झाली. ऐकू येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. मग मी त्याच्या उशाशी बसून नुसतं बोलत राहायची. काही गाळायची गरज उरली नव्हती, म्हणून सगळं बोलायची. शेजारच्या काकूंची सून आता स्वतः सासू झाली आहे, तिचं सगळं, पहिल्यापासून. नर्सनं विचारलं, "त्यांना ऐकू येतं का?" मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि मग पुढच्या खाटेकडे गेली.

सोसायटी मिटवताना सामान वाटून घेतलं गेलं, तेव्हा फलक दादाकडे आला. आता तो माझ्या कपाटात आहे. एका बाजूला निळ्या रंगात सोसायटीचं नाव आहे. दुसरी बाजू कोरी आहे.